फायरवॉल, नेटवर्क-ड्रायव्हर आणि संगणकाचे कोलमडणे : कारणमीमांसा व निदान

चालता संगणक एकाएकी थांबावा, पडद्यावर निळी पार्श्वभूमी व तीवर काही इंग्रजी अक्षरे उमटावीत आणि क्षणभराने यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, हा अनुभव विंडोज ही कार्यप्रणाली वापरणाऱ्या बहुतेकांना केव्हा ना केव्हा आलेला असतो. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये ही पार्श्वभूमी काळी करण्यात आली, पण वस्त्राचा रंग पालटल्याने रोग पालटत नाही.) या घटनेमागे अनेक कारणे संभवतात. त्यांपैकी एकाचाच विचार येथे करावयाचा आहे. ते कारण म्हणजे संगणकाचे रक्षण करणारी फायरवॉल आणि त्याला बाहेरील जगाशी जोडणारा नेटवर्क-ड्रायव्हर यांचे परस्परांशी न पटणे. विषय वरवर पाहता फारच मर्यादित वाटेल. तथापि या तक्रारीवर सर्रास सुचविला जाणारा उपाय, म्हणजे फायरवॉल काढून टाकणे, हा रोगापेक्षा इलाज भयंकर या कोटीत जाऊ शकतो. आणि पडद्यावर ज्या फाइलीचे नाव उमटते तीच गुन्हेगार, हा समज तर बहुधा चुकीचाच ठरतो. म्हणून या प्रश्नाची मुळापासून छाननी करणे आवश्यक आहे.

प्रथम असा प्रश्न उपस्थित होतो की, एका आज्ञावलीत दोष असता सबंध यंत्रानेच का थांबावे? लेखनाची किंवा हिशेबाची आज्ञावली बिघडली तर तेवढीच बंद पडते, बाकीचे व्यवहार चालू राहतात. याचे कारण असे की, सामान्य आज्ञावली ज्या अवस्थेत चालतात तेथे प्रत्येकीची स्मृती स्वतंत्र व सुरक्षित राखलेली असते. उलटपक्षी कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, आणि त्याच्या आश्रयाने चालणारे ड्रायव्हर या सर्वांची स्मृती सामायिक असते. तेथे कोणी कोणाच्या जागेत चुकून लिहिले तरी त्याला अडविणारा पहारेकरी नसतो. असे काही घडल्याचे कर्नलच्या लक्षात आले म्हणजे पुढे चालत राहून तबकडीवरील माहिती भ्रष्ट होऊ देण्यापेक्षा तो स्वतःच यंत्र थांबवितो. अर्थात् निळा पडदा हा अपघात नव्हे. अपघात अगोदरच घडून गेलेला असतो आणि पडदा हा त्याचा पंचनामा होय.

नेटवर्क-ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक बंधन येते. पॅकेट येऊन पोचले की नेटवर्क-कार्ड प्रोसेसरला इंटरप्टद्वारे सूचना देते. तातडीचे थोडे काम तेथल्या तेथे उरकून उरलेले काम किंचित् खालच्या पण तरीही वरिष्ठ अशा पातळीवर केले जाते. विंडोजमध्ये या पातळ्यांना आयआरक्यूएल म्हणतात व या विशिष्ट पातळीचा क्रमांक २ आहे. या पातळीवर चालणाऱ्या आज्ञावलीने अत्यंत लगबगीने काम आटोपावे, कशाचीही वाट पाहत बसू नये, आणि मुख्य म्हणजे जी स्मृती तबकडीवर काढून ठेवलेली असू शकेल तिला हात लावू नये, असे नियम आहेत. तबकडीवरून स्मृती परत आणावयाची तर थांबावे लागते, आणि येथे तर थांबण्यास मज्जाव. हा नियम मोडला गेला की डी१ या क्रमांकाचा थांबा येतो. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ हे त्याचे लांबलचक नाव नेटवर्कच्या तक्रारींत वारंवार दिसते ते यामुळेच.

फायरवॉल ही या वाटेवर कोठे बसते, हे समजून घेतल्याखेरीज पुढील विवेचन कळणार नाही. कार्डाचा ड्रायव्हर सर्वांत खाली असतो. त्याच्यावर एनडीआयएस नावाची मध्यस्थ व्यवस्था असते. ती मायक्रोसॉफ्ट व थ्रीकॉम या कंपन्यांनी मिळून आखली. त्यावर टीसीपी-आयपीचा थर आणि सर्वांत वर सामान्य आज्ञावली असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची झडती घ्यावयाची तर फायरवॉलला या थरांच्या मध्येच कोठे तरी उभे राहणे भाग आहे. विंडोज २००० व २००१ साली आलेल्या एक्सपीच्या काळात यासाठी काही अधिकृत मार्ग उपलब्ध होते. पण अनेक फायरवॉल-निर्मात्यांना ते अपुरे वाटत. मग त्यांनी आडवाट काढली. कर्नलच्या कोष्टकांत कोणते काम कोणत्या पत्त्यावरील आज्ञा करतील याची नोंद असते. त्या नोंदीतील मूळ पत्ता काढून तेथे स्वतःचा पत्ता लिहावयाचा, मूळ पत्ता आपल्यापाशी जपून ठेवावयाचा, आणि झडती झाली की पॅकेट त्या मूळ पत्त्याकडे पाठवावयाचे, अशी ही युक्ती होती. तिला ‘हूक’ म्हणत.

ही युक्ती एकट्याने केली तर निभावून जाते. दोघांनी केली की मात्र घोटाळा होतो, आणि तो कसा होतो हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. समजा, पहिल्या फायरवॉलने मूळ पत्ता आपल्यापाशी ठेवून कोष्टकात स्वतःचा पत्ता लिहिला. त्यानंतर दुसरे संरक्षक साधन आले. त्याला कोष्टकात पहिल्या फायरवॉलचाच पत्ता सापडला; तोच मूळ समजून त्याने जपून ठेवला व आपला पत्ता वर लिहिला. आता वापरकर्त्याने पहिली फायरवॉल काढून टाकली. तिने जाताना प्रामाणिकपणे कोष्टकात मूळ पत्ता पूर्ववत् लिहिला, तर दुसरे साधन नकळत बाजूला पडते व झडती बंद होते. तिने तसे न करता नुसतीच जागा सोडली, तर दुसरे साधन पुढचे पॅकेट तिच्या जुन्या, आता रिकाम्या झालेल्या पत्त्यावर पाठविते. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाने टपाल जावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे टपाल परत येत नाही, यंत्रच कोसळते. ‘दोन फायरवॉल एकत्र नांदवू नयेत’ हा जो व्यवहारात रूढ झालेला उपदेश आहे, त्यामागे असा पक्का आधार आहे.

या अनागोंदीला दोन बाजूंनी आळा घालण्यात आला. ६४-बिटी विंडोजमध्ये २००५ पासून कर्नलच्या कोष्टकांत ढवळाढवळ आढळली की यंत्र थांबविण्याची व्यवस्था आली. म्हणजे आडवाट बुजविण्यात आली. त्यानंतरच्या विस्टा या आवृत्तीबरोबर विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म हा अधिकृत राजमार्ग खुला झाला. त्यात फायरवॉल आपले नियम एका मध्यवर्ती यंत्रणेकडे नोंदविते, ठरावीक थरांवर तिला विचारणा होते, आणि एकाहून अधिक साधनांचा निर्णय भिन्न पडला तर लवाद कसा करावयाचा हेही ठरलेले असते. एनडीआयएसच्या पातळीवरही हलक्या फिल्टरांची नवी पद्धत आली, तिच्यामुळे चालू साखळीत फिल्टर घालणे-काढणे सुकर झाले.

जुनी पद्धत किती ठिसूळ होती याचे एक उदाहरण नमूद करण्याजोगे आहे. डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलेल्या डीएनएसमधील दोषावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने ८ जुलै २००८ रोजी एक दुरुस्ती प्रसृत केली. तिने डीएनएसची विचारणा दर वेळी वेगवेगळ्या, अटकळ न बांधता येणाऱ्या पोर्टवरून जाऊ लागली. दुरुस्ती अगदी योग्य होती. परंतु ती बसविताच झोनअलार्म ही लोकप्रिय फायरवॉल असलेल्या संगणकांचा इंटरनेटशी संबंधच तुटला. नवी आवृत्ती येईपर्यंत फायरवॉलची कडक पातळी सैल करावी किंवा दुरुस्तीच काढून टाकावी, असे सल्ले द्यावे लागले. येथे यंत्रे कोसळली नाहीत, केवळ मुकी झाली; तरी तत्त्व तेच. दोन्ही आज्ञावली आपापल्या जागी निर्दोष असूनही एकीने दुसरीच्या वर्तनाविषयी काही गृहीत धरले होते आणि ते गृहीत एका रात्रीत खोटे ठरले.

राजमार्ग झाला म्हणून अपघात थांबले असे मात्र नाही. आजच्या संघर्षांचे स्वरूप मुख्यतः मालकीचे आहे. कार्डाचा ड्रायव्हर पॅकेट वर देतो तेव्हा त्या पॅकेटची स्मृती तो उसन्या भांड्यासारखी देत असतो. काम झाले की ती परत मिळाली पाहिजे. फायरवॉलला काही वेळा निर्णयासाठी अवधी हवा असतो. वापरकर्त्याला विचारावयाचे असते किंवा पुढील पॅकेट येईपर्यंत मजकूर जुळवावयाचा असतो. तेवढा काळ ती भांडे आपल्याकडे ठेवते. या अवधीत संगणक झोपी गेला, वाय-फायचे केंद्र बदलले किंवा यूएसबीचे कार्ड उपसले गेले म्हणजे? नियमाप्रमाणे बाहेर दिलेले प्रत्येक पॅकेट परत येईपर्यंत ड्रायव्हरने थांबावयाचे असते. फायरवॉलने एक जरी पॅकेट विसरून ठेवले तरी ही प्रतीक्षा संपत नाही, आणि अखेर वीजस्थितीच्या बदलास विलंब झाला म्हणून ९एफ क्रमांकाचा थांबा येतो. उलट, ड्रायव्हरने घाई करून स्मृती मोकळी केली तर फायरवॉल पुढे त्याच, आता दुसऱ्याच्या झालेल्या, जागेत लिहिते. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावरच यंत्र कोसळते, एरवी दिवसभर ठीक चालते, अशी तक्रार ऐकू आली की तपासाचा रोख प्रथम येथे वळविणे श्रेयस्कर.

दुसरा प्रकार स्टॅकचा. कर्नलमध्ये प्रत्येक धाग्याला मिळणारी स्टॅकची जागा अगदी तुटपुंजी असते. ३२-बिटी विंडोजवर १२ किलोबाइट, ६४-बिटीवर २४ किलोबाइट. फायरवॉल, विषाणुरोधक, खासगी जालाचे व्हीपीएन आणि आभासी यंत्रांचे नेटवर्क असे चार फिल्टर एकावर एक चढले, की प्रत्येकाने आपापल्या परीने काटकसर करूनही एकत्रित भार त्या जागेत मावेनासा होतो. अशा वेळी ७एफ हा क्रमांक व त्याचा पहिला घटक ८ असे आढळते. दोन साधने एकमेकांनी पुन्हा सोडलेली पॅकेटे नवीनच समजून तपासत राहिली तर न संपणारे चक्रही निर्माण होते. ते टाळण्यासाठी पॅकेट पूर्वी कोणी सोडले होते हे विचारण्याची सोय प्लॅटफॉर्ममध्ये आहे, पण ती सोय वापरणे शेवटी फायरवॉल लिहिणाऱ्याच्या हाती.

तिसऱ्या प्रकाराचा केवळ उल्लेख पुरे. आधुनिक कार्डे मोठा मजकूर एकदम घेऊन त्याचे तुकडे स्वतः पाडतात व बेरीज-पडताळाही स्वतःच करतात. मधल्या फिल्टरने मजकुरात फेरफार करून त्यासोबतची माहिती मात्र जुनीच ठेवली तर खालच्या ड्रायव्हरची फसगत होते. कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत या सवलती तात्पुरत्या बंद करता येतात. बंद केल्यावर थांबे थांबले तर तो सिद्ध पुरावा नव्हे, पण दिशादर्शक चिन्ह खास आहे.

आता निदानाकडे वळू. पहिली खबरदारी अशी की, हा रोग खरोखर हाच आहे याची खात्री करून घ्यावी. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा कृमी पसरला तेव्हा असंख्य संगणक साठ सेकंदांची सूचना देऊन पुनःपुन्हा बंद होऊ लागले. वरवर पाहणाऱ्यास तो ड्रायव्हरचा बिघाड वाटावा; वस्तुतः बाहेरून आलेल्या पॅकेटांनी विंडोजची आरपीसी ही सेवा कोलमडत होती, आणि उपाय फायरवॉल काढणे हा नसून ती चालू करणे हा होता. पुढे ऑगस्ट २००४ च्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची स्वतःची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तसेच दर वेळी क्रमांक निराळा, फाइल निराळी, पत्ता निराळा असे आढळले तर ड्रायव्हरांना दोष देण्यापूर्वी स्मृतीच्या पट्ट्यांची चाचणी घ्यावी. यंत्रातील दोष लहरी असतो. आज्ञावलीतील दोष बहुधा एकाच जागी पुनःपुन्हा ठेचकाळतो.

आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद करावी, म्हणजे पडदा वाचता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थांबताना कर्नल जी स्मृतिप्रत, अर्थात् डंप, लिहून ठेवतो ती जपावी. विंडोजच्या फोल्डरातील मिनिडंप या कप्प्यात लहान प्रती तारखेनिशी साठतात. मोठी प्रत मात्र पुढील थांब्याच्या वेळी पुसली जाते, म्हणून तिची लगेच नक्कल करून ठेवलेली बरी. कार्यप्रणालीच नव्याने बसवावी हा जो सल्ला दुकानांतून व कार्यालयांतून बेधडक दिला जातो, त्याने एवढे निश्चित साधते की पुरावा समूळ नष्ट होतो. तीच फायरवॉल व तोच ड्रायव्हर पुन्हा बसविले की आठवड्याभरात तक्रार परत येते.

डंप वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे विनडीबीजी हे साधन विनामूल्य मिळते. ॲनालाइझ ही त्याची आज्ञा दिली की क्रमांक, त्याचे चार घटक व संशयित फाइल समोर येते. डी१ या थांब्याचे घटक असे वाचावयाचे : पहिला म्हणजे ज्या स्मृतीला हात लावण्याचा यत्न झाला तिचा पत्ता, दुसरा तेव्हाची पातळी, जी नेटवर्कच्या कामात बहुधा २ असते, तिसरा ०, म्हणजे वाचन, किंवा १, म्हणजे लेखन, चौथा, हे कृत्य करणाऱ्या आज्ञेचा पत्ता. पहिला पत्ता शून्याच्या अगदी जवळचा असेल तर कोणी तरी रिकाम्या पॉइंटरवर विश्वास टाकला असे समजावे. पहिला व चौथा पत्ता एकच असेल तर प्रोसेसर आज्ञा आणावयास गेला आणि तेथे आज्ञाच नव्हती. वर सांगितलेली घर सोडून गेलेल्या भाडेकरूची कथा ती हीच. त्याच जातीचा आणखी एक थांबा सीई या क्रमांकाचा; काम अपुरे टाकून निघून गेलेल्या ड्रायव्हरचे नावही तेथे अनेकदा मिळते.

येथपर्यंतचे काम सरावाने कोणासही जमते. खरी कसोटी पुढे आहे. संशयित म्हणून बहुधा एनडीआयएस, नेटआयओ किंवा टीसीपीआयपी या मायक्रोसॉफ्टच्याच फाइलींपैकी एकीचे नाव येते. या फाइली अक्षरशः प्रत्येक पॅकेट हाताळतात. दुसऱ्या कोणी स्मृती नासवून ठेवली असता तिच्यावर पहिले पाऊल बहुशः यांचेच पडते. ज्याचा पाय सुरुंगावर पडला त्यानेच तो पेरला, असे अनुमान कोणी काढीत नाही. परंतु पडद्यावरील नाव वाचून नेमके तेच अनुमान काढले जाते. म्हणून स्टॅकवरील आज्ञांची साखळी खालपासून वरपर्यंत वाचावी, त्यात मायक्रोसॉफ्टेतर फाइली कोणत्या आहेत ते टिपावे, आणि त्यांच्या बांधणीच्या तारखा पाहाव्यात. कार्यप्रणालीहून कित्येक वर्षांनी जुना असा फिल्टर तेथे आढळला तर संशयाला जागा आहे. मात्र साखळीत असणे म्हणजे घटनास्थळी उपस्थित असणे एवढेच. स्मृती नासविणारा तेथून केव्हाच निघून गेलेला असू शकतो.

गुन्हेगाराला कृत्य करतानाच पकडावयाचे असेल तर ड्रायव्हर व्हेरिफायर वापरावा. विंडोज २००० पासून तो कार्यप्रणालीबरोबरच येतो. निवडलेल्या ड्रायव्हरला तो स्मृतीचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र पानावर देतो व त्याला लागून निषिद्ध पान ठेवतो. हद्दीबाहेर एक अक्षर जरी लिहिले गेले तरी यंत्र त्याच क्षणी थांबते, आणि या वेळी पडद्यावर खऱ्या अपराध्याचे नाव येते. पातळी वाढताच हलविता येण्याजोगी स्मृती मुद्दाम बाहेर काढून तो चुकीची गृहीतकेही उघडी पाडतो. सर्व ड्रायव्हर एकदम निवडू नयेत, केवळ मायक्रोसॉफ्टेतर नेटवर्क-ड्रायव्हर व फायरवॉलचे फिल्टर निवडावेत. नाही तर यंत्र इतके मंदावते की नेहमीचे कामच करता येत नाही. त्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत अन्यत्र ठेवणे अगत्याचे आहे, कारण थांबे आता मुद्दाम घडवून आणावयाचे आहेत. यंत्र सुरू होतानाच थांबू लागले तर सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायरला रीसेटची आज्ञा द्यावी. तपास संपल्यावर ती आज्ञा देण्यास विसरणारेही अनेक असतात, आणि मग नव्याच रोगाचा शोध सुरू होतो.

डंप वाचणे शक्य नसेल तेथे प्रयोगाने पुढे जावे लागते. त्यात एका वेळी एकच बदल करावा व त्याची तारखेनिशी नोंद ठेवावी. फायरवॉल खिडकीतून ‘बंद’ केल्याने तिचा फिल्टर साखळीतून निघतोच असे नाही. नियम लागू होणे थांबते, पण पॅकेट त्याच वाटेने जात राहते. म्हणून ती पूर्णपणे काढूनच चाचणी घ्यावी. काढल्यानंतरही काही फिल्टर मागे राहतात. कार्डाच्या गुणधर्मांतील जोडण्यांची यादी किंवा पॉवरशेलमधील गेट-नेटॲडॅप्टरबाइंडिंग ही आज्ञा ते दाखवून देते. बऱ्याच निर्मात्यांनी उरलेसुरले अवशेष साफ करण्यासाठी स्वतंत्र साधन दिलेले असते, ते वापरावे. यानंतर कार्डाचा ड्रायव्हर पाहावा. विंडोजने स्वतःहून दिलेला, कार्डनिर्मात्याचा आणि संगणकनिर्मात्याचा असे तीन निरनिराळे ड्रायव्हर एकाच कार्डासाठी उपलब्ध असू शकतात व सर्वांत नवा तोच सर्वांत चांगला असे नसते. तक्रार ज्या दिवशी सुरू झाली त्याच्या आसपास कोणता बदलला, हे पाहणे अधिक फलदायी. नेटएसएच विन्सॉक रीसेट ही आज्ञा सर्व रोगांवरील रामबाण म्हणून सांगितली जाते. ती सामान्य अवस्थेतील जोडण्या पूर्ववत् करते, कर्नलमधील फिल्टराला तिचा स्पर्शही होत नाही.

चाचणीपुरती फायरवॉल काढली ती तशीच राहून जाते, हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा धोका. विद्यापीठासारख्या ठिकाणी शेकडो यंत्रे एकाच अंतर्गत जालावर असतात. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय पसरला तेव्हा त्याच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. तरी दुरुस्ती न केलेल्या व ४४५ हे पोर्ट उघडे असलेल्या यंत्रांतून तो शेजारच्या यंत्रांकडे सरकत गेला. अशा प्रसंगी प्रयोगशाळेतील एक बेवारस यंत्र पुरेसे होते. दुसरीकडे, रक्षक म्हणून कर्नलमध्ये बसविलेली आज्ञावली स्वतःच घात करू शकते, हेही १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या एका माहिती-फाइलीने एकविसावा रकाना वाचण्यास सांगितले, पुरविलेले रकाने वीसच होते, आणि हद्दीबाहेरच्या त्या एका वाचनाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. संरक्षक साधने कर्नलबाहेर राहूनही काम करू शकतील अशी व्यवस्था घडविण्याचे प्रयत्न मायक्रोसॉफ्टने त्यानंतर जाहीर केले आहेत.

तूर्त व्यवहारात एवढे करता येते : त्रयस्थ फायरवॉल काढण्यापूर्वी यंत्र जालापासून अलग करावे, ती काढताच विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू झाल्याचे डोळ्यांनी पाहावे (ती बहुधा आपोआप चालू होते, पण नेहमीच नव्हे), आणि मगच तार पुन्हा जोडावी. दोष निश्चित झाला की डंप, ड्रायव्हरांच्या आवृत्ती व नोंदवहीतील तारखा संबंधित निर्मात्याकडे पाठवाव्यात. डंपमध्ये स्मृतीचा अंश असतो व त्यात खासगी मजकूर असू शकतो. मोठ्या प्रतीऐवजी मिनिडंप पाठविण्याची प्रथा त्यामुळेच पडली आहे.